ज्वारी कच्ची, मूग लगदा: कडधान्यांचं सूप नीट जमायचं तर

लातूर जिल्ह्यातल्या एका ताईंनी विचारलंय: भाज्या, राजमा, मूग आणि अख्खी ज्वारी घालून घरी सूप करायला घेतलं. सगळं रात्री भिजवलं, सकाळी टोमॅटोसकट एकाच कुकरात घालून सहा शिट्ट्या दिल्या. ज्वारी दाताखाली कचकच लागली, राजमा टणक राहिला, मूग मात्र विरघळून गेला. चव पाणचट. पाणी बोअरचं आहे. सासूबाईंना मधुमेह आहे, सासऱ्यांना कवळी आहे आणि कडधान्य खाल्लं की त्यांचं पोट फुगतं. रात्रीचं जेवण म्हणून हे सूप चालेल का, आणि चुकतंय कुठे?

ताई, चालेल, आणि तुमच्या घरासाठी तर हे फार चांगलं जेवण आहे. तुमचा मसाला चुकलेला नाही आणि शिट्ट्याही कमी पडलेल्या नाहीत. अशाच आणखी चार शिट्ट्या दिल्या असत्या तर मूग पार नाहीसा झाला असता आणि राजमा तरी तसाच राहिला असता. गडबड आहे ती पाण्यात आणि क्रमात. सूप बिघडलं की लोक आधी मसाल्याकडे बघतात, पाण्याकडे कोणी बघत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आपल्याकडे बऱ्याच बोअरचं पाणी जड असतं. साबणाला फेस येत नाही, बादलीच्या काठावर पांढरा थर धरतो, गिझरची कॉइल वर्षभरात पांढरी होते. तो थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. कडधान्याच्या दाण्यातल्या पेशी पेक्टिन नावाच्या पदार्थाने एकमेकींना धरून असतात. दाणा शिजतो म्हणजे हे पेक्टिन विरघळतं, पेशी सुट्या होतात आणि दाणा मऊ पडतो. पाण्यातलं कॅल्शियम नेमकं त्या पेक्टिनलाच पक्कं बांधून टाकतं. मग कितीही जाळ लावा, दाणा सुटत नाही. टोमॅटो, चिंच, आमसूल यांची आंबटही हेच करते. तुमच्या कुकरात जड पाणी आणि टोमॅटो दोन्ही होते, राजमा शिजणार कसा?

'या पाण्यात डाळ शिजत नाही' हे आपल्या घरांत आजी-पणजीपासून चालत आलंय. गावात पाच-सहा आड असले तरी वरणाचं पाणी एका ठरावीक आडाचंच आणायचं, ते याचसाठी. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की कालपर्यंत नीट शिजणारी तूरडाळ अचानक अडून बसते. डाळ तीच असते, बदललेलं असतं पाणी.

उपाय सोपा आहे. घरात आरओचं पाणी असेल तर भिजवायला आणि शिजवायला दोन्हींसाठी तेच घ्या, दोन-अडीच लिटरांत काम होतं. आरओ नसेल तर बोअरचं पाणी दहा मिनिटं खळखळ उकळून झाकून ठेवा. निवलं की काही क्षार तळाशी बसतात, वरचं पाणी अलगद ओतून घ्या. सगळा जडपणा जात नाही, पण फरक पडतो. याच्या जोडीला भिजवायच्या पाण्यात मीठ घाला, लिटरला एक मोठा चमचा. कडधान्यात आधी मीठ घातलं तर ते शिजत नाही असं सांगतात, पण भिजवताना उलट घडतं. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल लवकर मऊ होते. हे पाणी ओतून द्यायचं आणि दाणे दोनदा धुवायचे, म्हणजे मीठ फारसं पोटात जात नाही.

खायच्या सोड्याबद्दल सगळे विचारतात. चिमूटभर सोड्याने दाणा लवकर शिजतो हे खरं, पण त्याने बी-1 जीवनसत्त्व नष्ट होतं आणि हात जरा सैल पडला तर सूपला साबणासारखी चव येते. जुन्या हुलग्यांसाठी भिजवणात चिमूटभर टाकून नंतर नीट धुवून घेतले तर माझी हरकत नाही. रोजच्या सवयीला मात्र सोडा नको.

कडधान्य किती जुनं आहे तेही बघा. पत्र्याच्या कोठीत दोन उन्हाळे काढलेल्या हरभऱ्याच्या दाण्यात आतून बदल होतो, तो भिजून फुगतो तरी शिजत नाही. त्यातले गणंग, म्हणजे शिजतच नाहीत असे टणक दाणे, तर तसेच राहतात. मूग-उडीद पावसाळा संपताना येतात, तूर डिसेंबर-जानेवारीत, हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्या त्या हंगामात वर्षाचं भरून ठेवा आणि जुनं आधी संपवा. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. पेरणीतून उरलेलं बियाणं, गुलाबी किंवा लालसर रंगाची बीजप्रक्रिया केलेलं, कितीही धुतलं तरी खायचं नाही. त्यावर बुरशीनाशक असतं. असली पिशवी घरात आणूच नका, शेतातच वेगळी ठेवा.

आता क्रम. ज्वारी, कडधान्य आणि भाज्या या तिघांची शिजायची वेळ वेगवेगळी आहे, म्हणून तिन्ही वेगळं शिजवायचं आणि शेवटच्या दहा मिनिटांत एकत्र आणायचं. ऐकायला कटकटीचं वाटतं, पण ज्वारी आणि कडधान्य कुकरमध्ये आपापलं शिजतं, तोवर तुम्ही भाज्या चिरता. खरं उभं राहणं वीसेक मिनिटांचं.

चौघांच्या जेवणासाठी एक मध्यम वाटी ज्वारी घ्या (साधारण 120 ग्रॅम), सव्वा वाटी कडधान्य (160 ग्रॅम) आणि अर्धा किलो भाज्या. तयार सूप दोन लिटरच्या आसपास व्हावं, म्हणजे माणशी मोठा वाडगाभर.

अख्खी ज्वारी रात्रभर, निदान आठ-दहा तास भिजलीच पाहिजे. मालदांडी वाणाची असेल तर उत्तम, दाणा गोड लागतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी शक्ती' मिळाली तर आवर्जून घ्या, लोह आणि जस्त जास्त असलेलं ते वाण आहे. भिजलेल्या ज्वारीत चौपट पाणी आणि चमचाभर तेल घाला, तेलाने फेस वर येऊन शिट्टीत अडकत नाही. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून पंचवीस मिनिटं ठेवा आणि कुकर आपला आपण निवू द्या. शिट्ट्या मोजण्यापेक्षा मिनिटं मोजा, प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळी असते. निवल्यावर एक दाणा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबून बघा. साल फुटून आतला गर सगळा एकसारखा पारदर्शक-पांढरा दिसला तर झालं. मधोमध खडूसारखा कोरडा ठिपका दिसला तर अजून आठ-दहा मिनिटं हवीत. एवढं शिजूनही ज्वारीचा दाणा भातासारखा गळून जात नाही, जरासा चावावा लागतो, आणि सूपमध्ये तीच तर मजा आहे.

घाई असेल किंवा कोणाला चावायला त्रास असेल तर कण्या वापरा. ज्वारी कोरडीच मिक्सरला दोन-तीन झटके देऊन भरड करा, चाळून पीठ बाजूला काढा. पीठ टाकू नका, भाकरीत जाईल. कण्या न भिजवताही उघड्या पातेल्यात वीस मिनिटांत शिजतात. ज्वारीच्या कण्या ताकासोबत आपण पूर्वीपासून खात आलोय, त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांना हे सूप परकं वाटणार नाही.

कडधान्यात मी राजम्याचा आग्रह धरणार नाही. आपल्या मातीत मटकी, चवळी, हुलगा, हरभरा इतकं चांगलं पिकतं की राजम्यावाचून काही अडत नाही. घालायचाच असेल तर एवढं पाळा: आठ-दहा तास भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात कुकरला पूर्ण मऊ शिजवा. अर्धवट शिजलेल्या राजम्यात एक विषारी प्रथिन शिल्लक राहतं आणि त्याने उलट्या-जुलाब होतात. खळखळ उकळल्याने ते नष्ट होतं, मंद कोमट आचेवर होत नाही. तुमचा राजमा टणक राहिला होता, तो कोणाला दिला नसेल तर बरंच झालं.

मी दोन कडधान्यांची जोडी लावते. एक टिकणारं, म्हणजे चवळी किंवा हरभरा. दुसरं विरघळणारं, म्हणजे मूग किंवा मुगाची सालीची डाळ. पहिल्याने घास मिळतो, दुसऱ्याने सूप दाट होतं, मैदा-कॉर्नफ्लोअर लागत नाही. हरभऱ्याला शिट्टीनंतर बारीक आचेवर वीस मिनिटं, हुलग्याला पंचवीस, चवळीला सात-आठ. मोड आलेल्या मटकीला कुकर दाखवू नका, ती उघड्या भांड्यात पंधरा मिनिटांत होते.

उन्हाळ्यातली एक खबरदारी. मे महिन्यात आपल्याकडे पारा अनेकदा चाळिशीच्या वर जातो. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या कडधान्याला सकाळी फेस आणि आंबूस वास येतो. त्या दिवसांत एकतर फ्रीजमध्ये भिजवा, नाहीतर दर तीन तासांनी पाणी बदलून सहा तासांत आटपा.

शिजलेल्या कडधान्याचं पाणी ओतू नका. पुरणाची डाळ शिजवून येळवणी काढतो आणि त्याची आमटी करतो, तेच इथे करायचं. विकतच्या सूप क्यूबमध्ये मुख्यतः मीठच असतं, हा कट त्याहून कितीतरी चांगला. भिजवलेलं पाणी टाकायचं, शिजवलेलं ठेवायचं.

पाणचट चवीचं कारण बहुतेक वेळा हे असतं की कांदा, लसूण, टोमॅटो नुसते उकळले जातात, परतले जात नाहीत. जाड बुडाच्या पातेल्यात दोन मोठे चमचे तेल तापवा. घाण्याचं करडईचं मिळालं तर तेच घ्या. जिरं तडतडलं की सात-आठ ठेचलेल्या लसूण पाकळ्या, मग दोन बारीक चिरलेले कांदे. मध्यम आचेवर दहा मिनिटं परता, कांद्याच्या कडा तांबूस व्हायला हव्यात. तळाला तपकिरी थर धरला की चमचाभर पाणी टाकून खरवडून घ्या, सगळी चव त्या थरात असते. आता हळद आणि दोन टोमॅटो, तेल सुटेपर्यंत. टोमॅटो इथे घालायला काहीच अडचण नाही, कारण कडधान्य आधीच शिजलेलं आहे.

यानंतर कठीण भाज्या: गाजर, लाल भोपळा, शेवग्याच्या शेंगांचे तुकडे. दोन मिनिटं परतून कट आणि गरम पाणी घाला, सात-आठ मिनिटं उकळा. मग दुधी किंवा दोडका. त्यानंतर शिजलेलं कडधान्य आणि ज्वारी. पालक, चाकवत, कांद्याची पात अगदी शेवटी, गॅस बंद करायच्या तीन मिनिटं आधी. अंबाडी घालणार असाल तर टोमॅटो एकच घ्या. गवार आणि कारलं मी सूपमध्ये घालत नाही, त्यांचा कडवटपणा सगळीकडे पसरतो.

आणि येसर! घरात येसर असेल तर या सूपला दुसरा मसाला नकोच. भाजलेली धान्यं, हरभरा डाळ, धने-जिरे आणि खडा मसाला एकत्र दळलेलं ते पीठ चव देतं आणि दाटपणाही देतं. दोन चमचे येसर गार पाण्यात कालवून उकळत्या सूपमध्ये ओता, कोरडं टाकलं तर गुठळ्या होतात. ओतल्यावर पाच मिनिटं उकळू द्या. येसर नसेल तर अर्धा चमचा काळा मसाला पुरे. मीठ सगळ्यात शेवटी आणि चाखून. दिवसभराचं सगळं मिळून मीठ माणशी पाच ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे एक सपाट छोटा चमचा. वाढताना लिंबू पिळलं की मीठ कमी असलं तरी जाणवत नाही, शिवाय कडधान्यातलं लोह अंगी लागायला लिंबातलं क जीवनसत्त्व मदत करतं. जेवणानंतर लगेच चहा घेऊ नका, तो हे काम उलटं फिरवतो.

आता सासऱ्यांचं पोट. कडधान्यात रॅफिनोज, स्टॅकिओज अशा शर्करा असतात, त्या आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू धरतो. भिजवलेलं पाणी फेकल्याने त्यातल्या काही निघून जातात, मोड आणल्याने आणखी कमी होतात. म्हणून त्यांच्यासाठी सुरुवात मोड आलेल्या मुगाने करा, तीही पाव वाटी. आठवडाभराने थोडं वाढवा. हरभरा आणि हुलगा महिनाभर बाजूलाच ठेवा. आतड्याला सवय होते, फक्त वेळ द्यावा लागतो. जिऱ्याबरोबर अर्धा चमचा ओवा आणि हिंग घालायला हरकत नाही. कवळीसाठी त्यांच्या वाडग्यात अख्ख्या ज्वारीऐवजी कण्या घाला, कडधान्य पळीने दाबून मऊ करा आणि शेवग्याचा गर आधीच चमच्याने काढून घ्या.

सासूबाईंचं उलट. त्यांचं सूप मिक्सरमधून काढू नका. अख्खा दाणा हळू पचतो, साखर हळू चढते. तोच दाणा वाटून घेतला की हा फायदा कमी होतो. म्हणजे एकाच पातेल्यातून दोघांचे वाडगे वेगळे भरायचे, एवढंच.

त्यांच्या बाबतीत आणखी एक बघा. या सूपमध्ये माणशी 30 ग्रॅम ज्वारी आहे, म्हणजे साधारण अर्ध्या भाकरीचं पीठ, वर 40 ग्रॅम कडधान्य. तेव्हा हे जेवणाआधी प्यायचं सूप नव्हे, हेच जेवण आहे. यावर दोन भाकरी खाल्ल्या तर साखर वाढणारच. आणि रोज दोन-तीन भाकरी खाणाऱ्या माणसाने एकदम फक्त सूपवर आणलं, गोळ्या किंवा इन्सुलिन मात्र तेवढंच राहिलं, तर साखर खालीही जाऊ शकते. सुरू करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारा, आणि पहिल्या आठवड्यात झोपण्यापूर्वी घरच्या मशीनवर तपासत राहा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर कडधान्याचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवलेलं बरं.

ज्वारी आणि कडधान्य एकत्र का, तर ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो आणि कडधान्याच्या प्रथिनात मेथिओनिन नावाचा. एकाची उणीव दुसरं भरून काढतं. माणशी 40 ग्रॅम कडधान्यातून नऊ-दहा ग्रॅम आणि ज्वारीतून तीन ग्रॅम प्रथिनं मिळतात. सोबत वाटीभर दही घेतलं की पंधराच्या पुढे जातं. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम लागतात, त्यात रात्रीचा वाटा चांगला निघतो. वयस्कर माणसं रात्री चहा-बिस्किटावर किंवा नुसत्या भातावर झोपतात, त्यांच्या अंगात ताकद राहत नाही त्याचं हेही एक कारण.

सोयाबीनचं मुद्दाम लिहिते, कारण तुमच्याकडे शिवारभर सोयाबीन आहे आणि घरात मात्र कोणी ते खात नाही. त्याच्या उग्र वासामुळे. गार पाण्यात भिजवून वाटलं की तो वास तयार होतो. त्याऐवजी कोरडे दाणे थेट खळखळत्या पाण्यात टाका, वीस मिनिटं उकळा, पाणी फेका, साली चोळून काढा आणि मग कुकरला पूर्ण मऊ शिजवा. कच्चं किंवा अर्धकच्चं सोयाबीन पचत नाही. असं शिजवलेलं मूठभर सूपमध्ये घाला, प्रथिनं सहज वाढतात.

डिसेंबर-जानेवारीत तर या सूपला भिजवण्याचीही गरज नाही. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात भज्जी करतो तेव्हा काय करतो? तुरीचे सोले, ओला हरभरा, वाटाणा, वालाचे दाणे, मिळेल ती पालेभाजी, सगळं एकत्र. तेच ओले दाणे बारा-पंधरा मिनिटांत शिजतात आणि पोटालाही हलके. ज्वारीच्या जागी कोवळा हुरडा घाला, गुळभेंडी वाणाचा असेल तर बघायलाच नको. हुरडा शेवटच्या आठ मिनिटांत टाकायचा, जास्त उकळला तर चिवट होतो. अशा सूपमध्ये येसर अर्धंच घाला, ओल्या दाण्यांची गोडी मसाल्याखाली दबायला नको.

दोन दिवसांचं करून ठेवायचं असेल तर ज्वारी वेगळ्या डब्यात ठेवा. सूपमध्ये राहिली की ती रात्रभर पाणी पिते आणि सकाळी पातेल्यात खिचडी सापडते. सूप दोन तासांच्या आत निववून फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवलं की लवकर निवतं. तीन दिवसांपर्यंत चांगलं राहतं. मध्ये चार-पाच तास वीज गेली असेल तर वासावर भरवसा ठेवून वृद्धांना देऊ नका, टाकून द्या. गरम करताना लागेल तेवढंच काढा, गरम पाण्याने सैल करा, पूर्ण उकळी आणा, आणि पालेभाजी त्या वेळी ताजी घाला. उरलेल्या ज्वारीला सकाळी कांदा, हिरवी मिरची आणि शेंगदाण्याच्या कुटाची फोडणी दिली की मुलांच्या डब्याचं काम होतं.